पाव फेरा

डॉक्टरांनी पाना माझ्याच हातात दिला,
दहा नंबरचा.
म्हणाले, तुम्हाला काय शिकवायचं!
शिकवायला हवं होतं.
चाळीस वर्षं मी लोखंडच पिळत आलो,
पण लोखंडाच्या आत कुणी ओठ चावत नव्हतं.

श्रेणिकच्या गुडघ्याखाली चार रिंगा,
रिंगांतून ताणलेल्या तारा,
तारा हाडातून आरपार.
बघितलं आणि तोंडातून गेलंच :
पोरा, ह्याचा आऊट बेस काढलाय कुणीतरी.
तो हसला.
त्याची आई नाही हसली.

चार सेंटिमीटर हाड वाढवायचं,
दिवसाला एक मिलिमीटर,
आणि त्या एकाचे चार पाव :
पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा.
त्रिशला मगदूम, कंडक्टर, मिरज–जत.
पहाटेचा आणि रात्रीचा फेरा तिचा.
मधले दोन माझे,
दिंडी वेशीतल्या माझ्या दुकानावरचा जिना चढून.

आधी हात.
रॉकेल, मग साबण, मग स्पिरिट.
नखं बायको कापायची, दर शुक्रवारी,
स्वतःची कापताना घालायची नाही असा चष्मा घालून.
मग चार नट, बाणाच्या दिशेनं, पाव पाव.
श्रेणिक तेवढ्यात जतपर्यंतचे थांबे म्हणायचा, मोठ्यानं.
चौथ्या नटाला नेहमी एखादं गाव गिळायचा.

बाप कुठाय, गल्लीनं विचारून झालं होतं.
मी विचारलं नाही.
ट्यूब कुठं फाटली ते गिऱ्हाईक कधी सांगत नाही,
पाण्यात धरली की बुडबुडे येतात.
आणि प्रत्येक ट्यूब पाण्यात धरायचं
माझं काम नाही.

भिंतीवर वही टांगलेली.
तिच्या खुणा निळ्या पेनच्या,
माझ्या खुणेशेजारी अंगठा, कितीही धुतला तरी काळपट.
सतराव्या दिवशी एक चौकोन कोरा राहिला.
तासगावचा एक जण सहा सायकली टाकून गेला होता,
पाचाचे सात कधी झाले कळलं नाही.
रात्री ती वही बघत उभी राहिली.
मी खाली मान घालून, शिव्यांची वाट बघत.
तिनं पिशवीतून डाळिंब काढलं, माझ्या हातात ठेवलं.
म्हणाली, बरं झालं, मामा.
मला वाटायचं, विसरते ती मी एकटीच.

एकदा सुट्टीच्या दिवशी खाली आली,
पॅन्डलच्या खोक्यावर बसली
आणि बसल्या बसल्या झोपली.
मी हातोडा ठेवून दिला.
अर्धा तास नुसतं एक चाक फिरवत राहिलो,
आऊट नसलेलं.
कुणी हवा भरायला आलं की बोटानंच सांगायचो,
पलीकडं जा.

चाळिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बास.
आता फिरवायचं काही नाही.
आता हाड आपलं आपण भरेल,
चार महिने, पाच महिने, सांगता येत नाही.
रिंगा तशाच राहतील.

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं,
म्हणजे सांगितलं असेल,
आम्ही फक्त आकडे ऐकले होते.
फिरवायचं होतं तोवर
आम्ही काहीतरी करत होतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता
वर घंटी वाजली.
खाटेच्या दांड्याला मीच बसवून दिलेली,
जुन्या लेडीज सायकलची.
रॉकेल, साबण, स्पिरिट,
अर्धा जिना चढल्यावर लक्षात आलं,
हात कशाला धुतले?

काय रे, म्हटलं, दुखतंय?
नाही.
मग?
अकरा वाजले, म्हणाला.

मी खाटेशेजारी बसलो.
हातांना स्पिरिटचा वास, पाना खिशात.
त्यानं सावकाश थांबे म्हणायला सुरुवात केली,
आज एकही गाव न गिळता.